खामदरे कॉलेजचं अंतर

शनिवारी सकाळी अकरा वाजता विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बैठक भरली. कॉलेज फुटबॉलच्या 'अ' गटात शहरातली सहा कॉलेजं होती आणि आणखी दोन घ्यायची होती. विद्यापीठाचा संघ फक्त 'अ' गटातूनच निवडतात, त्यामुळे घाटापलीकडच्या खामदरे कॉलेजच्या पोरांचं सगळं त्या दोन जागांवर अडलं होतं.

निवड समितीचे अध्यक्ष आणि शहरातल्या एका कॉलेजचे प्राचार्य इंगवले यांनी खामदऱ्याचा अर्ज बाजूला सरकवला. "धनवडे मॅडम, संघ चांगलाय तुमचा, पण गाव फार लांब. चार तास घाटातून हाडं खिळखिळी करून आमची पोरं खेळणार कशी?"

खामदऱ्याच्या क्रीडाशिक्षिका रेखा धनवडे उठल्या. "सर, गेल्या वर्षी आमची पोरं त्याच घाटातून एस.टी.त उभ्यानं आली. स्टँडवर भडंग खाल्लं आणि तासाभरात तुमच्या कॉलेजला तीन-एकनं हरवलं. ज्यांना प्रवास झेपतो ते 'ब' गटात आणि ज्यांना झेपत नाही ते 'अ' गटात, असा नियम असेल तर लिहून द्या. आमच्या नोटीस बोर्डावर लावते."

सभागृह हसलं. इंगवल्यांनी चहा मागवला आणि खामदऱ्याचं नाव यादीत घातलं.

दुसरी जागा त्याच बैठकीत एका आमदारांच्या कॉलेजला चर्चेशिवाय मिळाली. ते कॉलेज खामदऱ्याच्याही साठ किलोमीटर पुढे आहे. तिथवरचा प्रवास शहरातल्या पोरांना कसा झेपणार, हे धनवडे मॅडमनी इंगवल्यांना तीनदा लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.