करवंदीच्या जाळीतली वाट

मुलांनो, घाटमाथ्यावरच्या एका जंगलात करवंदीची एक मोठी जाळी होती. जाळीच्या अलीकडे मऊ मातीची जमीन होती आणि पलीकडे तळं. त्या मऊ मातीत एक कासवीण दरवर्षी अंडी घालत असे, आणि पिलं बाहेर आली की जाळीतल्या अरुंद वाटेने त्यांना तळ्यावर घेऊन जात असे. तिची आईही तेच करायची. दुसरी वाट नव्हती असं नाही, पण ती उघड्या कातळावरून जायची. कातळ उन्हात तव्यासारखा तापायचा आणि वर घारी घिरट्या घालत असायच्या. त्या वाटेने निघालेली पिलं सहसा तळ्यापर्यंत पोचत नसत.

जाळी होती एका म्हाताऱ्या साळिंदराची. काय दिवस होते ते! आता जो तो आपापल्या हद्दीवर डोळे वटारून बसलेला असतो, पण तेव्हा जंगलात माणुसकी होती. म्हणजे जनावरांत जी काही असते ती. कासविणीची आई जाळीच्या तोंडाशी थांबायची आणि हाक मारायची, "दादा, पोरांना घेऊन जाऊ का पलीकडे?" साळिंदर आतून म्हणायचा, "अगं, दर वेळी विचारतेस काय? आधी पोरांना सावलीला घे." मग खाली पडलेली करवंदं तो पिलांपुढे लोटायचा, आईची ख्यालीखुशाली विचारायचा, आणि दोघं इतका वेळ गप्पा मारायची की पिलं कंटाळून जायची. आई गेल्यावर ही कासवीणही तशीच थांबून विचारू लागली. "काका, जाऊ का?" असं म्हणताना तिला आपल्या आवाजात आईचा आवाज ऐकू यायचा. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच ती विचारायची.

एका पावसाळ्यात म्हातारा साळिंदर गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून जाळी दूरच्या जंगलात राहणाऱ्या त्याच्या पुतण्याकडे आली. पुतण्या वाईट नव्हता, पण भारी भित्रा होता. तो जाळीत राहायला येतो न येतो तोच एक कोल्हा त्याला भेटायला आला. हा कोल्हा जंगलातल्या सगळ्यांना कायद्याचा सल्ला द्यायचा आणि बदल्यात खेकडे घ्यायचा.

"तुझ्या जाळीतून कासवं जातात म्हणे," कोल्हा म्हणाला. "जाऊ देऊ नकोस हो. आज वाट दिलीस की उद्या ती कासवीण म्हणेल, ही माझ्या वहिवाटीची वाट. परवा म्हणेल, जाळीच माझी. मग बस बोंबलत!"

पुतण्याची झोपच उडाली. त्याने वाटेच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या रचून टाकल्या.

कासवीण जाळीपाशी आली, तेव्हा अंडी फुटायला थोडेच दिवस उरले होते. तिने पुतण्याला हाका मारल्या, विनवण्या केल्या, पण तो आतून ओ देईना. शेवटी रडकुंडीला येऊन ती सल्ला विचारायला गेली, तीही नेमकी त्याच कोल्ह्याकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असं म्हणतात. हा मात्र दोन्ही घरी पोटभर जेवणारा होता.

"सोपं आहे," कोल्हा मिशांवरून पंजा फिरवत म्हणाला. "ज्या वाटेने वर्षानुवर्षं, उघडपणे, कुणालाही न विचारता चाललं, ती वहिवाटीची वाट. ती मालकालाही अडवता येत नाही. ज्या वाटेने विचारून चाललं, ती मालकाच्या मर्जीची. मालक गेला की मर्जी संपली. तेव्हा पंचांपुढे तू एवढंच सांग, की आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. म्हातारा थोडाच साक्षीला येणार आहे?"

जंगलाचा पंच होता एक वयोवृद्ध गवा. तो रवंथ करत करत सगळं ऐकून घ्यायचा, आणि कुणी घाई केली तर मुद्दाम पहिल्यापासून पुन्हा ऐकायचा. ऐनाच्या झाडाखाली बैठक भरली. एका बाजूला पुतण्या काटे फुलवून उभा, दुसऱ्या बाजूला कासवीण, आणि मधोमध कोल्हा, दोघांकडेही बघून मान डोलवत.

"मला एकच सांग," गवा कासविणीला म्हणाला. "जाळीतून जाताना तुम्ही म्हाताऱ्या साळिंदराला विचारत होतात की नव्हतात?"

कासविणीने तोंड उघडलं. "नव्हतो" एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्या शब्दावर तिच्या पिलांचा जीव होता. पण तो शब्द बोलायचा म्हणजे आई जाळीच्या तोंडाशी कधी थांबलीच नाही, काकांनी आतून कधी ओ दिलीच नाही, असं चौघांत सांगायचं. गेलेल्या त्या दोघांना ती आपल्या तोंडाने पुसून टाकणार होती. तिचे डोळे भरून आले.

"विचारत होतो, गवाआजोबा," ती म्हणाली. "आई विचारायची, मीही विचारायचे. आणि काकांनी एकदाही नको म्हटलं नाही."

कोल्ह्याने कपाळावर पंजा मारून घेतला.

"मग ही वाट तुझ्या हक्काची नाही," गवा म्हणाला. "ती मर्जीची होती, आणि ज्याची मर्जी होती तो गेला. मला वाईट वाटतं गं बाई, पण न्याय असाच आहे."

कासवीण माघारी वळली. कातळावरून पिलांना कसं न्यायचं, भल्या पहाटे निघालं तर त्यांतली किती वाचतील, एवढाच विचार आता तिच्या मनात होता.

"जरा थांब," मागून पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काका काय म्हणायचे गं? मी लहानपणीच इथून गेलो. मला त्यांचं बोलणं काही म्हणता काही आठवत नाही."

कासविणीने सांगितलं. काका आतून कसे ओरडायचे, पोरांना आधी सावलीला घ्यायला सांगायचे, करवंदं पुढे लोटायचे, आणि आईशी बोलता बोलता ऊन कलल्याचं दोघांच्या लक्षातच कसं यायचं नाही, ते सगळं तिने सांगितलं. ती सांगत होती, तसतसे पुतण्याचे काटे खाली बसत गेले.

"तुला खोटं बोलता आलं असतं," तो म्हणाला. "बोलली असतीस तर वाट आजच तुझी झाली असती. आणि मी घाबरत होतो, की तू माझी जाळी बळकावशील! आजोबा, मी हिला वाट देतो."

"नुसतं देतो म्हणू नकोस," गवा म्हणाला. "तुझ्या काकाचं मन मोठं होतं, पण ते मन त्याच्याबरोबर गेलं आणि ही पोर उघड्यावर पडली. काय देतोस, कुणाला देतोस, आणि तुझ्या पश्चात काय, ते सगळ्यांसमोर नीट सांग."

पुतण्याने थोडा विचार केला. "जाळी साळिंदरांची," तो म्हणाला. "त्यातली ही वाट कासवांना, तळ्यावर जाण्यायेण्यापुरती. मी असेन नसेन, माझ्या मागून जो कुणी येईल त्यानेही ती अडवू नये."

गव्याने मान डोलावली आणि आपल्या शिंगांनी वाटेवरच्या काटेरी फांद्या बाजूला सारल्या, मग दोन मोठे दगड लोटत नेऊन वाटेच्या दोन्ही तोंडांशी कायमची खूण म्हणून रोवले. "आणि माझे खेकडे?" कोल्ह्याने हळूच विचारलं. "ओढ्यात आहेत," गवा म्हणाला, "जा आणि स्वतः धर." आपल्या दोन्ही अशिलांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केलेली पाहून कोल्ह्याचं तोंड एवढंसं झालं.

पुढे अंडी फुटली आणि पिलं सावलीसावलीने, एकामागून एक तळ्याकडे गेली. घारी कातळावर रिकाम्याच घिरट्या घालत राहिल्या. सगळ्यात धाकटं पिलू पाण्यात उतरलं, तशी कासवीणही निघाली. तेवढ्यात पुतण्याने हाक मारली.

"इतक्यात जातेस? बस ना जरा. काकांचं आणखी काहीतरी सांग."

कासवीण काठावर टेकली. म्हातारा साळिंदर गेल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, की काका अगदीच काही गेलेले नाहीत.

तात्पर्य : ज्याने आपल्याला हात दिला त्याचे उपकार चौघांत कबूल करावेत, त्यात आपलं नुकसान होत असलं तरीही, आणि ज्याला हात द्यायचा त्याला असा द्यावा, की आपल्या पश्चातही तो कुणाला काढून घेता येऊ नये.