एकच वार बाकी

"कंटाळा आला तरी खेळत राहायचं, की सोडून द्यायचं? आणि सोडायचं तर नेमकं कधी, बाबा?"

वेशीबाहेरच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीच्या आवारात, चिंचेखाली, मासूमशा फकीर बाजेचं सैल पडलेलं सुंभ आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा हेरंब कर्णिक. आईनं नवसाची चादर पोचवायला पाठवलं म्हणून आला होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर एक घोडेस्वार उभा होता.

"चार महिने झाले. ऐंशी तास घातले ह्या गेममध्ये. त्यातले सत्तर नुसते रटाळ. पण हाती घेतलेलं मी अर्धवट सोडत नाही."

"कधीच नाही?"

"आजवर एकदाही नाही." हेरंबची मान ताठ झाली.

"खेळ बघू."

हेरंब खेळू लागला. शेवटच्या किल्ल्याच्या दारात एक राक्षस होता. त्यानं तीन फटक्यांत घोडेस्वार लोळवला. दुसऱ्यांदा लोळवला. पाचव्यांदाही...

हेरंबनं मोबाइल बाजेवर आपटला.

"सोडला! कायमचा सोडला!"

"हे सोडणं नव्हे," फकीर म्हणाले. "हे रुसणं. घे परत."

...

त्यानं परत घेतला. चिंचेची सावली सरकून विहिरीपर्यंत गेली. हेरंबच्या घशाला कोरड पडली, पायांना मुंग्या आल्या. फकीर सुंभ ओढत राहिले.

आणि मग, कसं कोण जाणे, राक्षस गुडघ्यांवर आला. एकच वार बाकी.

फकिरांनी सुंभ खाली ठेवलं. हात पुढे केला.

"आता दे."

"बाबा, एकच वार राहिलाय!"

"म्हणून तर."

...

हेरंबचा अंगठा पडद्यावर अधांतरी राहिला. मित्रमंडळीत तो एकटाच असा होता, ज्याचा एकही खेळ अपुरा नव्हता. दाराच्या पलीकडे काय आहे? त्याच्या लक्षात आलं, ते बघायची त्याला जराही उत्सुकता नाही. त्याला फक्त 'संपवला' असं म्हणायचं होतं.

फकिरांचा हात तसाच पुढे होता.

त्यानं मोबाइल त्या हातावर ठेवला.

राक्षस सावकाश उठला. त्यानं गदा उगारली. हेरंबचा हात झपकन पुढे गेला... आणि मागे आला.

घोडेस्वार कोसळला, पडदा लाल झाला.

हेरंबला हसू आलं. का, ते त्याचं त्यालाच कळेना.

फकिरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिला.

"अरे, हा तर मेला... तू कसा आहेस?"