कोतवालीसमोरचं तळं

राजधानीत खानावळ चालवणारा तुळसाजी आणि त्याची बायको गजरा प्रवाशांना हमखास सांगत, "कोतवालीसमोरचं तळं पाहा. म्हशी डुंबताना दिसतील."

तळं कसलं, रस्त्यातला खड्डाच तो. बघ्यांची गर्दी वाढली, तसा कोतवाल दोघांवर भडकला. "उद्या तळं दाखवा, नाहीतर खोटारडे म्हणून शहराबाहेर काढतो."

सकाळी तिथे सपाट रस्ता होता.

"कुठे आहे तळं?" कोतवालाने भर चौकात विचारलं.

गजरा म्हणाली, "तळं नव्हतंच, तर काल रात्री वीस गाड्या मुरूम कशात टाकलात, सरकार?"

लोक हसले. कोतवाल आत गेला.

दुपारी नव्या पाहुण्याला तुळसाजी म्हणाला, "कोतवालीसमोरचा झकास रस्ता पाहा."

"आणि धर्मशाळेच्या छपरातला धबधबाही," गजरा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत धर्मशाळेवर नवी कौलं चढली होती.