केरोबा मास्तरांचा बाकी न ठेवणारा जावई

एका गावात एक भोळा नारबा होता. त्याचं लग्न काही जमत नव्हतं. शेवटी शेजारच्या गावचे केरोबा मास्तर मुलगी द्यायला तयार झाले. पण मास्तर पडले गणिताचे. म्हणाले, "हिशेबात बाकी ठेवणारा जावई मला चालायचा नाही."

आईने नारबाला बजावलं, "बाकी राहिली तर जन्मभर बिनलग्नाचा राहशील हो!"

साखरपुडा नारबाच्या दारी झाला. मास्तरांनी दोन हजार पाचशे वीस लाडू आणले आणि मिशीवर हात फिरवला. "एकपासून दहापर्यंत कितीही पंगती बसवा, सारखे वाटले जातात! सात पंगतींना तीनशे साठ, आठांना तीनशे पंधरा, नवांना दोनशे ऐंशी. एवढा गुणी आकडा याच्या खाली दुसरा नाही. वाट रे नारबा."

पंगती दहाच धरल्या होत्या. ऐन वेळी वाजंत्रीही बसले आणि अकरावी झाली. नारबा एकेका पंगतीला एकेक लाडू देत फिरला. प्रत्येकीला दोनशे एकोणतीस मिळाले आणि एक उरला. नारबाला दरदरून घाम फुटला. त्याने तो लाडू विहिरीत टाकला.

मास्तर आले. परात रिकामी. "शाब्बास! बाकी शून्य!" सोयरीक पक्की झाली.

आईने मात्र पाहिलं होतं. "मेल्या, उरलेलं टाकतात का? फडक्यात बांधून घरात ठेवावं."

"बरं आई."

पाहुणे निघाले. नारबाने प्रत्येक गाडीत सात-सात जण बसवले. गाड्या गेल्या आणि मास्तरांचे म्हातारे काका उरले. नारबाने काकांना धोतरात बांधलं आणि घरात आणून फडताळात ठेवलं.

आई तांदूळ काढायला गेली. "अगं बाई! हे कोण?"

"उरले होते."

"सुपारी तरी दे रे," काका आतून म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला. "अरे, उरलेलं माणूस बांधून ठेवतात का? ज्याचं त्याच्या दारात नेऊन पोचवावं!"

"बरं आई." नारबाने काकांना पोचवलं. लग्न मोडता मोडता वाचलं.

पुढे लग्नही नारबाच्या दारीच लागलं. नवरीचं नाव गिरिजा. अक्षता पडल्या, जेवणं उठली, मास्तर डोळे पुसत गाडीत बसले. वऱ्हाड गेलं. नारबाने मांडवात नजर टाकली. मास्तरांकडचं एक माणूस उरलेलं! बिचारा पुन्हा घामाघूम झाला.

"उठा, चला," तो गिरिजेला म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या घरी."

"अहो, आता हेच माझं घर!"

"काकासुद्धा चार दिवस राहतो म्हणत होते. मी ऐकलं नाही."

"अहो, मी बायको तुमची!"

"असू दे. आईने सांगितलंय."

आणि त्याने तिला बैलावर बसवलं. मास्तर घरी पोचून पागोटं उतरवत होते, तोवर नारबा दारात हजर.

"काय हो मास्तर," तो रागानेच म्हणाला, "एवढे गणिताचे तुम्ही, आणि निघताना माणसं मोजत नाही? घ्या, ही तुमची एक उरली होती आमच्याकडे!"