दोन ठोके

धातकी नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत होता. त्या काळी तांब्याच्या खाणीजवळच्या एका खेड्यात, दोर वळणाऱ्या बलाकाच्या घरी, बोधिसत्त्वाने मुलीचा जन्म घेतला होता. तिचे नाव शिरीषा. तिला आई नव्हती. बापाने तिला वाखाचे तंतू विंचरायला, तीन पेडांचा दोर वळायला आणि एक नियम पाळायला शिकवले होते. नव्या दोराला दिवसभर जड धोंडा टांगायचा, मगच त्यावर माणूस सोडायचा.

एकदा बलाक सहा खाणकऱ्यांबरोबर शंभर हात खोल उतरला. शिडीचे जुने दोर बदलायचे होते. त्याच दिवशी खाणीची कड ढासळली आणि शिडी तुटून आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. सात ठोके. माणशी एक.

गावचे ज्येष्ठ जमले. त्यांचा मुख्य गोरथ. त्यांनी दिवसभर विचार केला, पण त्या विचारातून वीतभरही दोर निघाला नाही. शिरीषा मात्र दोर वळीत होती.

तिसऱ्या पहाटे सहाच ठोके आले. ती घाबरली. दुपारी दोर पुरा झाला, तेव्हा तिने धोंडा टांगला नाही. पिंगल नावाचा तरुण पुढे आला. "आईला म्हणावं, माझी भाकरी झाकून ठेव," असे हसत सांगून तो उतरला. चाळीस हातांवर दोर तुटला आणि पिंगल प्राणास मुकला. एका पेडात सडका वाख गेला होता. धोंड्याने तो उघडा पाडला असता.

"तुझ्या दोराला वासरू बांधावं फार तर," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला.

"पुरे झालं, पोरी," गोरथ म्हणाला. "खालचे गेले असं समजा."

त्याच दिवशी गवताचे सात पुतळे जाळून पिंडदान उरकण्यात आले. पिंड पडलेला माणूस परत आला तर त्याला प्रेत समजावे, अशी त्या गावची रीत होती. चौथ्या पहाटे खालून चार ठोके आले.

"वारा आहे," गोरथ म्हणाला.

शिरीषाने आपले हात पाहिले. सालटी निघाली होती. पिंगलचे ओझे या हातांवरून कधी उतरणार नाही, हे तिला कळले. पण वाख शिल्लक होता. तिने एकेक धागा ओढून तपासला आणि पुन्हा वळायला बसली. दुसरे टोक धरायला कोणी येईना. तिने ते खुंटाला बांधले, पण पीळ बसेना. तेवढ्यात पिंगलची आई समोर येऊन उभी राहिली.

"मी तुला क्षमा केलेली नाही," ती म्हणाली. "करणारही नाही. टोक दे इकडे."

पाचव्या पहाटे तीन ठोके आले, तेव्हा दोर पुरा झाला होता. शिरीषाने त्याला धोंडा टांगला.

"आणि तेवढ्यात ते मेले तर?" पिंगलच्या आईने विचारले.

"तर तेही माझ्याच माथी, मावशी. पण न तपासलेल्या दोरावर आता कोणाला सोडणार नाही."

ती दिवसभर दोराकडे पाहत बसली. वळण्यापेक्षा हे बसणे कठीण होते.

सहाव्या पहाटे दोन ठोके आले. शिरीषाने दोर स्वतःच्याच कमरेला बांधला. अडकलेल्यांच्या घरच्या बायका ज्येष्ठांना न विचारता आल्या आणि त्यांनी दोर धरला. खाली एकच माणूस जिवंत होता, सोणक नावाचा परगावचा खाणकरी. बलाक त्याच्या शेजारी थंड पडला होता.

"ठोके तर दोन आले," शिरीषा म्हणाली.

"दोन्ही मीच मारले. बलाककाका काल गेले. जाताना म्हणाले, एकच ठोका ऐकला तर वरचे म्हणतील, एकट्यासाठी कोण उतरणार? तू दोन मार. हात उचलत नव्हता. तरी मारले."

तिने आधी त्याला वर पाठवले, मग स्वतः वर आली. गोरथ वाटेत आडवा आला. "याचे पिंड झाले आहे. प्रेताला गावात जागा नाही."

"माझ्या घरी एक भाकरी झाकून ठेवली आहे," पिंगलची आई म्हणाली आणि सोणकाला हाताला धरून घेऊन गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका श्रामणेरीला, नवशिक्या भिक्षुणीला, सांगितली. तिसऱ्यांदा पाठ चुकल्यावर ती चीवराची घडी घालून घरी निघाली होती. शास्ते म्हणाले, "तुला 'हे तुझं काम नव्हे' म्हणणारे वृद्ध भिक्षू, स्थविर, त्या वेळी गोरथ होते. रोज तुझा पाठ घेणारी आणि कधी शाबासकी न देणारी भिक्षुणी ही पिंगलची आई. चूक झाल्यावरही पुन्हा दोर वळायला बसलेली मुलगी मी होतो. आणि अंधारात एकट्याने दोन ठोके मारणारा सोणक तू होतीस. तू ठोके थांबवले असतेस, तर मी कोणासाठी उतरलो असतो?"

श्रामणेरीने घडी मोडली आणि चौथ्यांदा पाठ सुरू केला.

चूक पदरात घेऊन पुन्हा पहिल्या धाग्यापासून आरंभ करणे, याचेच नाव वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्नाची परिपूर्णता.