घर सोडून गेलेली भूक

तुम्ही कधी भुकेला डोळ्यांनी पाहिलंय का रे?

नाही ना? मीही नाही पाहिली. पण फार फार पूर्वी भूक दिसायची, बरं का. प्रत्येक घराची आपली आपली एक भूक असायची. चुलीमागे कोमट राखेत ती बसून राहायची. एवढीशी, मुठीएवढी म्हातारी. अंगावर फाटकी वाकळ आणि हाताची बोटं काड्यांसारखी. स्वयंपाकाचा वास सुटला की ती उठायची. घरातल्या एकेकाजवळ जायची आणि पोटाला हळूच बोट लावायची. मग माणसं पानावर येऊन बसायची. जेवणं झाली की म्हातारी परत राखेत जाऊन निजायची. तेवढंच तिचं काम.

तर त्या काळात डोंगराच्या पायाशी एक गाव होतं. डोंगर इतका उंच की गावात ऊन दुपारी यायचं आणि दुपारीच जायचं. बाकी सारा दिवस धुकं. त्या गावात गजरा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा भैरू घोंगड्या विणायचा. घरात सासू होती आणि तीन मुलं होती. हौसा मोठी, बिरू मधला आणि सोनकी सगळ्यांत धाकटी.

घरात कोंबड्या होत्या, हंडीत तांदूळ होता. पण मुलांच्या खोडी काय सांगू! हौसाला हिरवं काही चालायचं नाही. रश्श्यात कोथिंबिरीचं पान दिसलं की ते चिमटीत धरून ताटाच्या कडेला लावायची. एक एक पान, हं! तोवर रस्सा गार व्हायचा. बिरूला फक्त तंगडी हवी. तंगडी ताईच्या ताटात गेली की हा पाठ फिरवून बसायचा. आणि सोनकीला रश्श्यावर तेलाचा तवंग नको. ती फुंकर मारून तवंग एका बाजूला सारायची, तो पुन्हा मध्ये यायचा, ही पुन्हा फुंकायची. शेवटी वाटी तशीच.

सासूचं आणखी वेगळंच. ती म्हणायची, "आमच्या म्हायेरी असलं पाणचट कुत्रंबी खात न्हवतं."

मग गजरा काय करायची? एका चुलीवर तीन पातेली चढवायची. एक बिनहिरव्याचं, एक बिनतेलाचं, एक सासूबाईंचं झणझणीत. धुराने तिचे डोळे लाल व्हायचे. सगळ्यांचं होईपर्यंत ती वाढत राहायची. भूक तिच्याजवळ येऊन बोट लावायची, तेव्हा ती म्हणायची, "माझं मागनं." आणि सगळे उठले की चुलीच्या आडोशाला उभ्या उभ्या पातेल्याला लागलेलं खरवडून खायची.

एकदा काय झालं, गजराने कोंबडी केली. हौसाने नाक मुरडलं. सोनकीने वाटी सारली. आणि बिरूला तंगडी मिळाली नाही म्हणून त्याने काय केलं असेल? पायाने ताट ढकललं. अन्नाला पाय लावला रे त्याने. भात सगळा जमिनीवर.

 तशी चुलीमागे राख हलली. म्हातारी उठली. तिने वाकळ झटकली, खांद्यावर टाकली आणि उंबरा ओलांडून धुक्यात निघून गेली. गजराने पाहिलं. पण हातात पळी होती, सासू काहीतरी मागत होती. तिला वाटलं, येईल परत.

ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी हे नको म्हणालं नाही, ते नको म्हणालं नाही. सासू खूश झाली. म्हणाली, "बघ, कशी गुणाची झाली पोरं." पण मुलांनी ताटाला हातही लावला नाही. सासूनेही लावला नाही. भैरू मागावर बसला होता, तो उठलाच नाही. मग गजराने एक कोंबडी केली. ती तशीच राहिली. मग दुसरी केली. कावळेसुद्धा कुंपणावर बसून बघायचे आणि उडून जायचे. असं करता करता खुराडं रिकामं होत आलं.

मुलांचे गाल बसले. हौसाच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मागाचा खडखडाट बंद पडला. आणि सोनकी, तीन मुलांतली धाकटी ना ती, तिला तर मानही उचलवेना. घोंगडीवर ठेवली की तशीच पडून राहायची. गजराने वैदूला बोलावलं. त्याने सोनकीच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "बाई, हिला भूक असती तर मी औषध दिलं असतं." आणि पिशवी उचलून निघून गेला.

तेव्हा गजराला कळलं की आता भूक आणली नाही तर सोनकी राहणार नाही.

खुराड्यात एकच पांढरी कोंबडी उरली होती. गजराने ती काखेत घेतली. पदरात मीठ, हळद, लसणाचा गड्डा आणि आल्याचा तुकडा बांधला. रुसलेल्या माणसाला आणायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि ती निघाली.

आधी ती पाटलाच्या घरी गेली. तिथली भूक गादीवर लोळत होती. गलेलठ्ठ, डोळेसुद्धा उघडेनात. "माझी भूक इकडं आली का गं?" गजराने विचारलं. ती जांभई देत म्हणाली, "इथं एक ताट उचलायच्या आत दुसरं येतं. मलाच काम न्हाई, आणखी दुसरी कशाला येतीया?"

मग गजरा रानात गेली. तिथे एक लांडगा भेटला. त्याची भूक त्याच्यासारखीच हाडकुळी, त्याच्या पायात पाय घालून चालत होती. लांडगा म्हणाला, "माझी भूक मी कुणाला देत नाही. तीच मला चालवते. तुझी म्हातारी मी पाहिली. मसणवट्याच्या पलीकडे गेली."

मग गजरा मसणवटा ओलांडून गेली. पलीकडे एक खोपट होतं. तिथे धुरपा नावाची बाई राहायची. गावाला माहीत होतं ती राहते म्हणून. पण तिकडे कोणी जायचं नाही.

गजरा आत वाकली आणि तिथेच थांबली. चूल थंड होती, धुरपा तिच्याशेजारी बसली होती. चुलीमागे भूक बसली होती. पण ती मुठीएवढी नव्हती रे. ती आढ्याला टेकली होती. मान वाकवून बसली होती, एवढी वाढली होती. आणि तिच्या मांडीवर गजराच्या घरची एवढीशी म्हातारी निजली होती. खाली दोन मुलं एकमेकांना चिकटून बसलेली. वर तान्ह्या बाळाची एक झोळी टांगलेली, रिकामी. त्या झोळीबद्दल गजराने विचारलं नाही आणि धुरपाने सांगितलं नाही.

"चल घरी," गजरा म्हणाली.

"न्हाई येत," म्हातारी म्हणाली. "हितं मला कुणी पायानं ढकलत न्हाई."

गजराने पदर पसरला. म्हातारीने तोंड फिरवलं. ती दोन मुलं मात्र कोंबडीकडे बघत होती. रडत नव्हती, मागत नव्हती. नुसती बघत होती. गजराच्या मनात आलं, ही कोंबडी माझ्या सोनकीची. हिच्याशिवाय घरात काही नाही. तिने कोंबडी घट्ट धरली. ती मुलं तशीच बघत राहिली.

मग गजरा खाली बसली. म्हणाली, "धुरपाबाई, मडकं हाय का?"

कोंबडी साफ केली. आलं-लसूण दगडाने ठेचलं. मडक्यात पाणी, हळद, मीठ घातलं, चूल पेटवली आणि सगळं मंद आचेवर ठेवलं. ना मसाला, ना कोथिंबीर, ना तेल. याला अळणी म्हणतात. मसाला घालायच्या आधीचा कोंबडीचा नुसता रस. नाव अळणी, पण मीठ असतं हं त्यात! हळूहळू उकळी आली. पिवळं पाणी, वर कोंबडीच्या चरबीचे बारीक बारीक डोळे. खोपटभर वास भरला.

मुलांनी वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. पंख खाल्ले, पाय खाल्ले, हाडं चोखून पांढरी केली. आणि ती आढ्याला टेकलेली भूक बसल्या बसल्या लहान होत गेली. होता होता मुठीएवढी झाली आणि राखेत शिरून निजली.

धुरपा म्हणाली, "तू बी घे की घोटभर."

गजरा म्हणाली, "नगं. माझं मागनं."

तेव्हा तिच्या घरची म्हातारी पहिल्यांदा तिच्याकडे वळली. म्हणाली, "इतकी वर्सं तुझ्या पोटाला बोट लावलं, आन् तू हेच म्हणत आलीस. तुझ्या पोरांनी तुला कधी जेवताना बघितलंय का गं? खायाचं कसं असतं, ते त्यांना कुणी दावायचं?"

गजरा चुलीतली लाकडं मागे ओढायला लागली.

"उंबऱ्यापतोर येते," म्हातारी म्हणाली. "आत यायचं का न्हाई, ते तू जेवशील तवा बघू."

धुरपाने उरलेल्या अळणीच्या मडक्याचं तोंड फडक्याने बांधून दिलं. म्हणाली, "तुझ्या लेकराला ने. आमचं झालं."

गजरा घरी आली तेव्हा ऊन कधीच गेलेलं होतं. सोनकीचा श्वास दोऱ्याएवढा झाला होता. गजराने चूल पेटवली, एकच मडकं ठेवलं. तीन पातेली नाहीत, बरं का. मग एक वाटी भरली आणि ती आडोशाला गेली नाही. सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली.

सासू म्हणाली, "अगं बया! पोर मरायला टेकलंय, नवरा बसलाय, आन् तू आधी?"

"व्हय आत्याबाई. आधी मी."

तिने एक घोट घेतला. पण मनात सासूची लाज. म्हातारी उंबऱ्याबाहेरच राहिली.

तिने दुसरा घोट घेतला. पण वाटीच्या कडेवरून डोळा सोनकीवर. म्हातारी हलली नाही.

मग गजराने डोळे मिटले आणि तिसरा घोट घेतला. गरम गरम रस घशातून उतरला. आणि तिला इतक्या वर्षांचं सगळं खाणं आठवलं रे. उभ्या उभ्या खरवडून खाल्लेलं, गार झालेलं, कधी नुसतंच पाण्यावर काढलेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती भुरके मारून प्यायला लागली. लाज विसरली, सासू विसरली, सोनकीलासुद्धा विसरली. नुसती जेवत राहिली.

म्हातारी उंबरा ओलांडून आत आली.

"आई," सोनकी म्हणाली. एवढासा आवाज. "काय खातीस?"

"अळणी."

"मला?"

गजराने वाटी तिच्या ओठांना लावली. वर चरबीचे डोळे तरंगत होते. सोनकीने फुंकर मारली नाही. मग बिरू रांगत आला. त्याला मान मिळाली, त्याने मानच चोखली. हौसा आली, भैरू आला. सगळ्यांत शेवटी सासूबाईंनी आपली वाटी हळूच पुढे सरकवली, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमीच हाय." पण वाटी चाटून पुसून ठेवली हो त्यांनी!

एका कोंबडीचं अर्धं मडकं ते. कोणाचंच पोट भरलं नाही. भुकेली भुकेलीच सगळी एका घोंगडीखाली निजली. त्यानंतर त्या घरात एकच पातेलं चढायचं, गजरा सगळ्यांबरोबर बसायची आणि एक मडकं मसणवट्यापलीकडे जायचं. म्हातारी घरातच राहिली, पण पुन्हा कोणाला दिसली मात्र नाही. एकदा झालेला अपमान ती विसरली नसेल. त्या घरच्या माणसांचं पुढे बरं झालं, तसं सगळ्यांचं होवो. मिटा आता डोळे. बिरू, म्हणजे आपला नव्हे, गोष्टीतला, तोही केव्हाचा झोपला. आता एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकी सगळ्यांच्या आधी उठली, भिंतीला धरून चुलीपाशी गेली आणि भाकरी पाहिजे म्हणून मोठ्याने रडायला लागली.