घेवड्याच्या दाण्याची वाटणी

कार्तिक वद्य पंचमी. सकाळी दाट धुकं, दुपारी लख्ख ऊन.

एका गावात बांगड्या विकणारा एक कासार राहत होता. त्याच्या मुली वेणू आणि शेवंती, दोघी तिळातिळाची वाटणी करणाऱ्या. वेणूला अजून नीट मोजता येत नव्हतं, म्हणून वाटे शेवंतीने करायचे आणि पहिला वाटा वेणूने उचलायचा, असा त्यांचा कायदाच होता.

बी कसं उगवतं, ते दोघींना बघायचं होतं. आईने मडकं उपडं केलं. "बाकीचे आमटीत गेले, घेवड्याचा हा एकच दाणा उरलाय. रात्रभर भिजवा, वाटीत ओल्या कापसावर ठेवा आणि बघत बसा."

सकाळी दाणा टम्म फुगला होता. शेवंतीने साल सोलली, तशी त्याची आपसूक दोन अर्धुकं झाली.

"बघ, देवानेच वाटे करून ठेवलेत!" ती हरखून म्हणाली.

एका अर्धुकाच्या टोकाला काहीतरी पांढरं, इवलंसं चिकटलं होतं. वेणूला ते आवडलं. तिने तेच उचललं.

आईने कपाळावर हात मारला. "अगं भवान्यांनो, दाण्याची डाळ केलीत की! ते पांढरं म्हणजे कोंब. ही दोन्ही अर्धुकं त्याची शिदोरी."

"एक तीळ सात जणांत वाटून खावा, असं तूच म्हणतेस ना?" शेवंती फणकारली.

"खायचा असेल तर! हा पेरायचा होता."

तरी दोघींनी आपापलं अर्धुक वेगळ्या वाटीत ओल्या कापसावर ठेवलं. शेवंतीच्या वाटीतलं अर्धुक बुळबुळीत होऊन गेलं. वेणूच्या अर्धुकातून मात्र पांढरं मूळ निघून खाली वळलं, आणि एके सकाळी दोन हिरवी पानं उलगडली.

"आलं, आलं!" वेणू ओरडली.

"तुझा वाटा, तूच बघ." शेवंतीने मानही वळवली नाही.

कायद्याने रोप वेणूचंच होतं. ती त्याच्यासमोर बसली. पानं तशीच हिरवी होती, पण "ते बघ" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. तिच्याने राहवेना. उठून तिने वाटी शेवंतीच्या मांडीवर ठेवली.

"यापुढे पाणी तू घाल. एवढं बघायला मी एकटी पुरत नाही."

"आणि शेंगा?"

"त्याही तूच मोज."

"म्हणजे अजून तुला मोजता येत नाही तर!" शेवंती खुदकन हसली, आणि मग दोघींना हसू आवरेना.

रोप परसात लावलं. माघात त्याला एकोणीस शेंगा आल्या.

तात्पर्य: खायचं ते वाटून खावं, वाढवायचं ते मात्र न तोडता, मिळून वाढवावं.